बेडपॅन कोणी उचलायचे? : शुश्रूषा, श्रेणी आणि जात

सरकारी रुग्णालयात एका दिवसात बरीच माणसे दगावली की आपल्याकडे चर्चेला ऊत येतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण मरण पावले. कळवे आम्हा अंबरनाथ-बदलापूरच्या लोकांना परके नाही. येथल्या छाया रुग्णालयात किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात ज्याचे भागत नाही तो गरीब माणूस पुढे कळव्यालाच जातो, नाहीतर शीव किंवा परळ गाठतो. तेव्हा ते १८ मृत्यू आमच्या वस्तीतल्या लोकांनी आपलेच म्हणून मोजले. त्यानंतर दीड महिन्याने नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे होती की नव्हती, रुग्ण उशिरा आणले होते काय, डॉक्टर किती होते, असे प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवे होते.

परंतु नांदेडला त्यानंतर जे घडले त्याची चिकित्सा व्हावी तशी झाली नाही. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील त्या रुग्णालयात गेले. शौचालयाची घाण पाहून ते संतापले आणि त्यांनी प्रत्यक्ष अधिष्ठात्यांनाच कॅमेऱ्यासमोर शौचालय साफ करायला लावले. अधिष्ठाते आदिवासी समाजातले. पुढे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला, आणि ते योग्यच झाले. पण प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. बारा बालके गेली असताना खासदारांनी अधिष्ठात्यांना औषधांच्या कोठारात नेले नाही. बालकांच्या कक्षात रात्री किती परिचारिका होत्या हे हजेरीपट उघडून दाखवा, असेही फर्माविले नाही. त्यांनी झाडू दिला. कारण शिकल्यासवरल्या माणसाची सर्वांत मोठी मानहानी संडास साफ करण्यात आहे हे या देशात कोणाला शिकवावे लागत नाही. ते आईच्या दुधाबरोबर येते. आता विचार असा करा की, एका दिवसापुरते जे काम अधिष्ठात्यांना शिक्षा ठरते, तेच काम त्याच रुग्णालयात कोणीतरी बाई रोज करते. तिला कोणत्या गुन्ह्याची शिक्षा चालू आहे?

माझे म्हणणे एवढेच आहे. आपल्याकडे रुग्णाची शुश्रूषा बिघडते ती केवळ पैसा कमी आहे म्हणून नव्हे. शुश्रूषेचा गाभा म्हणजे आजारी माणसाचे मलमूत्र, थुंकी, रक्त, पू आणि घाम हाताळणे. या कामाला जातिव्यवस्थेने नीच ठरविले आहे. म्हणून रुग्णालयातला प्रत्येकजण ते काम आपल्याखालच्याच्या अंगावर टाकतो. ढकलत ढकलत ते अशा हातांत येऊन पडते, की ज्यांना प्रशिक्षण नाही, कायम नोकरी नाही आणि बोलण्याची सोय नाही. आणि ज्याच्यासाठी ते काम करायचे तो रुग्ण ओल्या चादरीवर पडून राहतो.

प्रथम शब्दापासून सुरुवात करू. नर्सिंगला आपण 'शुश्रूषा' म्हणतो. या शब्दाच्या मुळाशी 'ऐकण्याची इच्छा' असा अर्थ आहे. अर्थ वाईट नाही. रुग्णाचे ऐकून घेणारी व्यक्ती हवीच असते. पण हाच शब्द मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात कोणाच्या वाट्याला आला ते पाहा. तिन्ही वर्णांची शुश्रूषा हे शूद्राचे एकमेव कर्म तेथे सांगितले आहे, आणि ती मनात असूया न आणता करावी अशी अट घातली आहे. म्हणजे काम करायचे आणि कुरकुरही करायची नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला, पण ती अट जळाली नाही. ती आजच्या वॉर्डात जिवंत आहे. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिका बाह्यस्रोतामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा 'सेवा करणाऱ्यांनी संप करावा का?' हा सवाल आमच्या स्टाफरूममध्येही ऐकू आला. गिरणी कामगाराला हा प्रश्न अशा शब्दांत कोणी विचारत नाही. परिचारिकेला विचारला जातो, कारण तिचे काम हे काम नसून सेवा आहे असे आपण धरून चाललेलो असतो. 'सेवा' म्हटले की पगार मागणे हे पाप होते.

आता दुसरी परंपरा पाहा. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झालेला असतो आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला असतो. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नाहीत. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघे मिळून त्याला धुतात आणि उचलून खाटेवर ठेवतात. मग बुद्ध संघाला बोलावून जाब विचारतात आणि सांगतात, की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. याच ठिकाणी चांगल्या रुग्णपरिचारकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, रुग्णाला काय मानवते आणि काय नाही हे कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने काम करावे, मल, मूत्र, थुंकी, वांती काढण्याची त्याला किळस नसावी, आणि रुग्णाला धीर देता यावा. चरकसंहितेतही परिचारकाचे चार गुण आहेत. त्यांत कौशल्य आहे, ममत्व आहे आणि 'शौच' आहे. शौच म्हणजे स्वच्छता, हा अर्थ चांगलाच. पण ज्या समाजात शौचाचे सोवळे झाले, त्या समाजात परिचारक स्वतः शुद्ध राहायला लागला आणि रुग्ण अशुद्ध ठरला. एक परंपरा परिचारकाने शुचि असावे म्हणते, तर दुसरी त्याला किळस नसावी म्हणते. मला यांतली दुसरी अट रुग्णाच्या बाजूची वाटते. आणि लक्षात घ्या, तेथे धुण्याचे काम शिष्यावर ढकलले नाही. संघातल्या सर्वांत वरच्या माणसाने ते आधी केले.

आधुनिक नर्सिंगचा आरंभही घाणीपासूनच होतो. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली, तेव्हा तेथे सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मरत होते. तिने १८५९ साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिले त्यात हवा, उजेड, बिछाना, अन्न, शांतता आणि स्वच्छता यांना मानाचे स्थान आहे. म्हणजे नर्सिंग या शास्त्राचा पहिला विषय घाण हा आहे. हे शास्त्र भारतात आले तेव्हा त्याची गाठ अशा समाजाशी पडली, जेथे घाणीला जात होती.

म्हणून आपल्याकडे या व्यवसायाची वाटचाल वाकडी झाली. सवर्ण हिंदू घरांतल्या स्त्रिया परक्या शरीराला, त्यातही परजातीच्या शरीराला हात लावायला तयार नव्हत्या. सुरुवातीच्या परिचारिका प्रामुख्याने ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन होत्या. मिरजेसारख्या मिशन रुग्णालयांनी हे काम पुढे नेले. त्याआधीही आपल्या गावगाड्यात बाळंतपणे होत होती आणि ती करणारी सुईण पुष्कळ ठिकाणी मांगवाड्यातून, महारवाड्यातून येत होती. तिचा हात बाळ जन्मेपर्यंत चालत असे. बाळ जन्मल्यावर मात्र त्याच हाताचा विटाळ होई. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभे केले आणि तेथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. त्या काळात उच्चवर्णीय विधवेने रुग्णालयात जाणे ही धाडसाची गोष्ट होती, आणि त्या धाडसाला कमी लेखण्याचे कारण नाही. पण या धाडसाला समाजमान्यता मिळवायची तर काम 'सभ्य' करून दाखवावे लागले. तापमान, नाडी, औषध, इंजेक्शन, टिपण हे सभ्य काम परिचारिकेकडे राहिले. भांडी, चिंध्या, फरशी हे असभ्य काम आया आणि मेहतर यांच्याकडे गेले. व्यवसायाने प्रतिष्ठा मिळविली, पण ती घाण खाली ढकलून मिळविली.

याच्या बारा वर्षे आधी, १८९७ मध्ये, पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवरून तेथे आणले. त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. आपण सावित्रीबाईंना पहिली शिक्षिका म्हणून डोक्यावर घेतो. शाळांत फोटो लावतो. त्या मेल्या मात्र शुश्रूषा करताना, अस्पृश्याचे रोगी शरीर पाठीवर घेऊन. त्यांच्या जीवनाचा हा शेवटचा धडा आपण अभ्यासक्रमाबाहेर ठेवला आहे.

आज रुग्णालयात शिरा आणि पाट्या वाचा. सरकारी मराठीत परिचारिकांची उतरंड अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका अशी लागते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आपल्या रुग्णालयांतल्या स्टाफ नर्सला 'नर्सिंग ऑफिसर' केले. या उतरंडीच्या खाली कक्षसेवक, आया आणि सफाई कामगार येतात. त्यांना पाटी नाही. रुग्ण त्यांना नात्याने हाक मारतो. परिचारिका 'सिस्टर', आया 'मावशी', कक्षसेवक 'मामा'. वरवर पाहता हे किती गोड कुटुंब आहे! पण या कुटुंबात डॉक्टर हा कोणाचा भाऊ किंवा काका नाही, तो 'डॉक्टरसाहेब' आहे. नाते फक्त खालच्यांना चिकटते, आणि नात्यातल्या माणसाला पगार विचारायचा नसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या निर्मूलनाविषयी लिहिताना एक भेद करून दाखविला होता. श्रमांची वाटणी वेगळी आणि श्रमिकांची वाटणी वेगळी. त्यांतली दुसरी ही एकमेकांवर रचलेली, बंद कप्प्यांची वाटणी आहे. वॉर्ड हे या भेदाचे चालतेबोलते उदाहरण आहे. कामे वाटली जाणे गैर नाही. मोठ्या रुग्णालयात ती वाटावीच लागतात. गैर हे, की एका कप्प्यातले ज्ञान दुसऱ्या कप्प्यात जात नाही. माझी आई एका रुग्णालयात अनेक वर्षे आया होती. रुग्णाचे अंग पुसताना पाठीच्या मणक्याखालची कातडी लाल झालेली तिला सर्वांआधी दिसे. लघवीचा रंग बदललेला, पायावर सूज आलेली, म्हातारा कालपासून बोलत नाही, हे तिला ठाऊक असे, कारण रुग्णाच्या शरीराला दिवसातून अनेकदा हात लावणारी ती एकटीच होती. पण केसपेपरवर लिहिण्याचा अधिकार तिला नव्हता, आणि सांगावे तर 'मावशी, तुम्ही तुमचे काम करा' हे उत्तर ठरलेले. तिच्या कागदपत्रांत तिच्या श्रेणीपुढे 'अकुशल' असा शब्द होता. ज्या क्षणी पाठ लाल दिसते त्या क्षणी कूस बदलली तर जखम टळते. दोन दिवसांनी परिचारिकेच्या, चार दिवसांनी डॉक्टरच्या लक्षात आले तर तेथे खड्डा पडलेला असतो. हे अकुशलतेचे काम आहे काय?

शय्याव्रण, म्हणजे पडून पडून होणारी जखम, हे मी शुश्रूषेच्या गुणवत्तेचे माप मानते. औषध महाग असते, यंत्र परदेशातून येते. कूस बदलायला मात्र फक्त माणसे लागतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. हिशेब करून पाहू. एका वॉर्डात असे दहा रुग्ण आहेत असे धरा. आठ तासांच्या पाळीत प्रत्येकाची चार वेळा, म्हणजे एकंदर चाळीस वेळा कूस बदलावी लागेल. प्रत्येक वेळी दोघीजणी आणि पाच मिनिटे धरली, तर दोघींची तीन तास वीस मिनिटे केवळ यात जातात. औषधे, सलाइन, इंजेक्शने, नोंदी, नवे रुग्ण आणि नातेवाइकांचे प्रश्न हे सगळे त्याखेरीज. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक शिकविणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असा आहे. रजेसाठीचे राखीव बळ त्यावर आणखी. ज्याने सरकारी वॉर्डात रुग्णाच्या खाटेखाली चटई टाकून रात्र काढली आहे, त्याने हा दंडक आणि डोळ्यांपुढचा वॉर्ड यांची तुलना स्वतःच करावी. एक सिस्टर आणि चाळीस खाटा हे दृश्य त्याला नवे नसते. कळव्याच्या १८ मृत्यूंचा आकडा सर्वांना पाठ आहे. त्या रात्री एकेका परिचारिकेकडे किती खाटा होत्या, हा आकडा आपल्यापैकी कितीजणांनी विचारला?

मग काम करतो कोण? नातेवाईक. आपली सरकारी रुग्णालये चालतात ती रुग्णाच्या बायकोच्या, आईच्या, सुनेच्या फुकट श्रमांवर. ती भांडे देते, अंग पुसते, सलाइन संपले की धावत जाऊन सांगते. तिची रोजी बुडते. ज्याला बाई नाही, त्याचे हाल कुत्रा खात नाही. आणि ज्याच्याजवळ पैसा आहे तो खाजगी नर्सिंग होममध्ये जातो. आमच्या अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात अशी नर्सिंग होमे गल्लोगल्ली आहेत. तेथे पांढरा कोट घालून 'सिस्टर' म्हणून वावरणाऱ्या मुलींपैकी किती नोंदणीकृत परिचारिका असतात, हे शहरातल्या कोणालाही विचारा. त्या मुली कोठून येतात ते मला ठाऊक आहे, कारण त्यांतल्या काही माझ्या वर्गातून गेलेल्या आहेत. बारावी झाली, पुढच्या शिक्षणाला पैसा नाही, लग्नाला दोन वर्षे आहेत, तोवर 'हॉस्पिटलला जाते'. बौद्ध, मातंग, आदिवासी, सिंधी वसाहतीतल्या गरीब घरांतल्या, उत्तर भारतीय मजुरांच्या अशा या मुली. त्यांना सुई टोचायला शिकविले जाते, पण का टोचायची हे शिकविले जात नाही. चूक झाली तर ती त्यांची. मालकाची सहीदेखील कोठे नसते. रुग्णाच्या जिवाशी होणारा खेळ आणि या मुलींच्या आयुष्याशी होणारा खेळ हा एकच आहे.

सरकारनेही हाच मार्ग धरला आहे. कंत्राट म्हणजे नुसता कमी पगार नव्हे. कंत्राट म्हणजे आरक्षणाला मागच्या दाराने निरोप. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने खाजगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. राज्यभर गदारोळ झाला आणि ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला तरी पद्धत गेली असे समजू नये. अंबरनाथ हे कारखान्यांचे गाव. ऑर्डनन्स फॅक्टरी, विम्को, रासायनिक कारखाने यांनी येथे कामगार वस्ती वसविली. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याचा अभ्यास प्रा. अडारकरांकडे सोपविला गेला, १९४४ मध्ये अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. उपचार ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हे तत्त्व त्यात होते. हे तत्त्व रुग्णाला लागू, मग रुग्णाची चादर बदलणाऱ्या बाईला का नको?

जबाबदारी मात्र कंत्राटी असो की कायम, नेहमी खालीच येते. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून कोरोनाचे ११ रुग्ण मेले. तीन दिवसांत अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. त्यांचा दोष किती हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. पण भिंतीतल्या तारा परिचारिका ओढत नाहीत आणि आग विझविण्याच्या यंत्रणेच्या निविदाही त्या मंजूर करीत नाहीत. अधिकार वर राहतो आणि अपराध खाली उतरतो. ही रचना आपल्या ओळखीची आहे. तिला आपण शतकानुशतके दुसऱ्या नावाने हाक मारीत आलो आहोत.

या सगळ्याच्या विरोधात एक मोठे उदाहरण आपल्यापुढे आहे, पण ते आपण नीट वाचलेले नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने पाशवी हल्ला केला. गळ्याला कुत्र्याची साखळी आवळल्याने तिच्या मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, ती त्याच रुग्णालयात पडून होती. हल्ला करणारा वाल्मीकि समाजातला होता. गुन्हा तो गुन्हाच. जात सांगून तो सौम्य होत नाही, आणि त्याची जात सांगून एका समाजाला आरोपी करण्याचा अधिकारही कोणाला नाही.

तिच्यावर गुजरातीत हरकिसन मेहतांची 'जड चेतन' ही कादंबरी १९८५ मध्ये आली, पिंकी विराणी यांचे इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये आले, मराठीत 'कथा अरुणाची' हे नाटक झाले. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या दयामरणाचा अर्ज फेटाळला आणि त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाचे नियम घालून दिले. तेव्हापासून अरुणा म्हटले की दोन विषय निघतात. एक तिच्यावरचा अत्याचार आणि दुसरा तिचे मरण. या दोन्हींच्या मधली ४१ वर्षे चर्चेतून गळून पडतात. त्या वर्षांत केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला भरविले, धुतले, तिची कूस बदलली. इतक्या वर्षांत तिला शय्याव्रण झाला नाही, याची नोंद न्यायालयापुढे आली. न्यायालयाने त्या परिचारिकांचा गौरव केला. गौरव योग्यच होता. पण तो त्याग आणि माया यांच्या भाषेत झाला, जणू काही चमत्कार घडला. मला यात चमत्कार दिसत नाही, मला यात मानक दिसते. एका संपूर्ण परावलंबी देहाला चार दशके जखमेवाचून ठेवता येते हे या बायकांनी सिद्ध करून दाखविले. मग इतर रुग्णांना काही आठवड्यांत जखमा का होतात, हा प्रश्न त्या गौरवातून निघायला हवा होता.

दुसरी गोष्टही त्याच परिचारिकांनी शिकविली. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या, अरुणाच्या देखभालीसाठी आणि स्वतःच्या कामाच्या परिस्थितीसाठी. १९८० च्या दशकात महापालिकेने खाट रिकामी करण्यासाठी अरुणाला बाहेर हलविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनीच आंदोलन करून तो हाणून पाडला. ज्या बायका संप करीत होत्या त्याच बायका कूस बदलत होत्या. सेवा आणि संघर्ष यांत विरोध असतो हे प्रस्थापितांचे म्हणणे येथे खोटे पडते. मूक सेवेने अरुणाची खाट कधीच गेली असती.

आणि एक कठोर प्रश्न विचारलाच पाहिजे. अरुणाला ही शुश्रूषा मिळाली, कारण ती 'आपली' होती. व्यवसायातली, बहीण मानलेली. माणूस आपल्या माणसाची घाण काढतो, हे घराघरांत दिसते. पण जातिसमाजात 'आपले' फार लवकर संपतात. रुग्णालयाची कसोटी परक्या माणसापाशी लागते. मुरबाडकडून आलेला कातकरी, नाक्यावरचा बेवारस, भाषा न कळणारा मजूर यांची पाठ कोण पाहतो, यावर रुग्णालयाची गुणवत्ता ठरते. तेथे मायेवर अवलंबून चालणार नाही. तेथे दंडक लागतो, पुरेशी माणसे लागतात आणि ते काम करणाऱ्याला मान लागतो.

आता आपल्या घरात डोकावू. दलित साहित्याने शाळामास्तर लिहिला, कारकून लिहिला, गिरणी कामगार लिहिला, मुंबईचा फुटपाथ लिहिला. आपल्या वस्त्यांतून किती आया, किती परिचारिका, किती सफाई कामगार रोज लोकलने रुग्णालयांत जातात! तरी वॉर्ड आपल्या साहित्यात पाहुण्यासारखा येतो. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये महारवाड्यातल्या बाळंतपणाचे आणि बाळंतिणीच्या भुकेचे जे वर्णन आहे, ते मी माझ्या विद्यार्थ्यांना शुश्रूषेचा इतिहास म्हणून वाचायला सांगते. समीक्षेने ते केवळ दारिद्र्याचे चित्रण म्हणून बाजूला ठेवले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) उभे केले. त्याच पद्धतीने रुग्णालयांतल्या आपल्या बायकांना भेटण्याचे काम अजून बाकी आहे. हे काम समाजशास्त्राच्या प्राध्यापकावर सोडू नये. कल्याण ते कर्जत या पट्ट्यातल्या महाविद्यालयांतले विद्यार्थी ते एका उन्हाळ्यात सुरू करू शकतील.

चळवळीपुढचे काम त्याहून तातडीचे आहे. आपण मृत्यूनंतर मोर्चा काढतो. मोर्चा मृत्यूआधी निघाला पाहिजे. आपल्या नगरपालिकेच्या, जिल्ह्याच्या प्रत्येक रुग्णालयात पाळीनिहाय किती खाटांमागे किती परिचारिका आणि किती आया आहेत हे फळ्यावर रोज लिहिले जावे, अशी मागणी करा. शय्याव्रण किती रुग्णांना झाले हा आकडा मृत्यूच्या आकड्याइतकाच जाहीर मागा. आयांना आणि सफाई कामगारांना कंत्राटातून काढून कायम करा. त्यांना प्रशिक्षण द्या, त्यांनी पाहिलेले केसपेपरवर नोंदविण्याची सोय करा, आणि इच्छा व पात्रता असेल तिला परिचारिकेपर्यंत जाण्याचा जिना बांधून द्या. परिचारिकांच्या संघटनांनाही एक विनंती आहे. तुमच्या संपात आम्ही तुमच्याबरोबर आहोत. तुमच्या मागण्यांत मावशीचे नाव घाला. बेडपॅन उचलणे हे नर्सिंगच्या बाहेरचे काम नाही. ते नर्सिंगचे पहिले काम आहे, आणि ते पहिले काम जोवर शेवटच्या माणसाकडे आहे तोवर वरच्या सगळ्या पदव्या रुग्णाच्या उपयोगाच्या नाहीत.

राहिला प्रश्न झाडूचा. नांदेडला तो शिक्षा म्हणून दिला गेला. उद्या एखाद्या रुग्णालयात डॉक्टर, सिस्टर आणि मावशी मिळून एका खाटेवरची ओली चादर बदलताना दिसले आणि पाहणाऱ्याला त्यात कोणाचीही मानहानी वाटली नाही, तर तेथे उपचार सुरू झाला असे समजायला हरकत नाही.